अंडं नव्हे, नीलफळ

जबलपूरच्या रिछाईतल्या त्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडबाहेर दर सोमवारी सकाळी एवढी गर्दी उसळायची, की ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे आणि शेवटी इंजिन बंद करून स्वतःच रांगेत उभे राहायचे. रांगेत कोण नव्हतं म्हणून विचारा! शुगरवाले, पथरीवाले, मूल न होणारे, नोकरी न लागणारे, दोन वकील आणि एक निवृत्त इंजिनियर. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात कापूस. आत गेलेला माणूस बाहेर येताना डबा छातीशी धरून यायचा, झाकण जरासं उघडून मागच्यांना दाखवायचा आणि रांगभर ‘जय नीलबाबा’चा गजर व्हायचा. डब्यात असायचं एक अंडं. निळं. अगदी आभाळी निळं. एखाद्याच्या डब्यात हिरवं, एखाद्या नशीबवानाच्या डब्यात शेवाळी.

चुकलो, अंडं म्हणायचं नाही. अंडं म्हटलं की सेवेकरी दंडाला धरून रांगेबाहेर काढत.

“अंडा नहीं, फल बोलिए भैया. नीलफल.”

या एका शब्दात सगळी मेख होती. जबलपुरातली जुनी मराठी घरं घ्या. कुणाचे पणजोबा भोसल्यांच्या चाकरीत आले, कुणाचे आजोबा रेल्वेत, कुणाचे वडील तोफगोळ्यांच्या कारखान्यात. बाहेर सगळा हिंदीचा कारभार, मराठी उरली देवघरात आणि स्वयंपाकघरात. त्या स्वयंपाकघरात अंड्याला कधी पाय ठेवू दिला नव्हता. डॉक्टरनं पोराला अंडं सांगितलंच तर ते मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यात, नाक दाबून. अशा माणसांच्या गळ्याखाली अंडं उतरवायचं कसं? त्याला फळ म्हणायचं! उपासालाही चालतं, असं बाबांनी सांगून टाकलं, आणि ज्या बायका अंड्याच्या दुकानासमोरून पदर सावरून जायच्या त्या एकादशीला कच्चं नीलफळ दुधात फेटून पिऊ लागल्या.

दुसरी गंमत अशी, की ज्यांनी जन्मात अंडं विकत आणलं नाही, कोंबडी पाळली नाही, त्यांना अंड्याबद्दल माहिती ती काय असणार? दुकानात लांबून दिसतं ते पांढरं. तेव्हा निळं म्हणजे चमत्कारच.

शेडमध्ये पत्र्याखाली पाट मांडून नीलबाबा बसत. गळ्याला निळा लेप, अंगावर निळी शाल, मांडीवर एक देखणा, गालांवर पिसांचे झुपके असलेला कोंबडा. बोलण्याला मात्र तोड नव्हती.

“समुद्र मथा गया, विष निकला. किसने पिया? महादेव ने. कंठ क्या हुआ? नीला! अब तुम्हारे शरीर में क्या है? शुगर क्या है? विष! बीपी क्या है? विष! बहू की ज़ुबान में क्या है?” इथे जनता हसायची. “विष! हमारी गौरी तुम्हारा विष पीती है, इसलिए फल नीला होता है.”

कोंबड्यांना गौरी म्हणायचं. हिरवं फळ बायकांच्या दुखण्यांवर. शेवाळी कोर्टकचेरीवर. ते दोन वकील कशासाठी येत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

त्या रांगेत, महाशिवरात्रीच्या आदल्या सोमवारी, घमापुरातल्या अंबरीश पागनीसांचं सबंध कुटुंब उभं होतं. अंबरीश स्वतः तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तपासणी विभागात. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजमापात बसतो की नाही हे पाहून ‘पास’ किंवा ‘फेल’चा शिक्का मारायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. शेजारी बायको गीतांजली, आणि मधे एकुलती एक लेक चिन्मयी. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, बडबडी. लहानपणापासून तिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नव्हतं. रोज सुया. सुई आहे म्हणून पोरगी आहे, असा तो साधा हिशेब होता. पण गीतांजलीला तो पटायचा नाही. तिला दिसायचं ते लेकीच्या मांडीवरचे डाग आणि सोयरीक जुळवताना लोक विचारतील ते प्रश्न.

आणि त्यांच्या मागे, कपाळाला आठ्या घालून, अंबरीशची धाकटी बहीण विनता. ही शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या पर्समध्ये कापसाचा बोळा आणि नखांचा रंग पुसायच्या औषधाची बाटली होती. आज या भोंदूचा रंग उतरवायचाच, अशा तयारीनं ती आली होती.

नंबर आला तेव्हा ती सरळ पुढे झाली. “महाराज, एक फळ द्या. मला सगळ्यांसमोर पुसून पाहायचंय.”

सेवेकरी धावले. बाबांनी हात वर केला. मोठ्या मायेनं हसले. “आने दो, आने दो. मास्टरनी हैं क्या? घिसिए माताजी, दिल भर के घिसिए.”

विनतानं घासलं. कापूस पांढराच राहिला. तिनं औषध आणखी ओतलं, दात-ओठ खाऊन घासलं. निळा रंग जिथल्या तिथे. लोक खुसुखुसू हसायला लागले. मग बाबांनी तिच्या हातून ते अंडं घेतलं, वाटीत फोडलं आणि टरफल अंबरीशच्या हातावर ठेवलं.

“आप देखिए साहब. रंग ऊपर से लगाते तो अंदर सफ़ेद होता ना?”

अंबरीशनं टरफल उजेडात धरलं. खिशातून भिंग काढलं, ते त्याच्याकडे कायम असे. आतली बाजूसुद्धा निळी होती. कडा पाहिली, तीही आरपार निळी. रंगवलेला माल नव्हता. तपासणी विभागाच्या माणसानं मान हलवली आणि म्हणाला, “ओरिजिनल आहे.”

झालं! शेड दणाणून गेली. विनता तोंडघशी पडली ती अशी. ती रंग शोधायला गेली होती, कारण तिनंही कधी कोंबडी पाळली नव्हती. तीही त्याच स्वयंपाकघरातली. वर्गात वीस वर्षं वाटाण्याच्या वेलींवरून आनुवंशिकता शिकवली, उंच वेल आणि बुटका वेल फळ्यावर काढला, पण कोंबडीच्या पोटातूनच निळं अंडं येऊ शकतं हे तिच्या डोक्यात आलं नाही. आणि तिच्या त्या एका चुकीनं बाबांचा जो फायदा झाला तो दहा सेवेकऱ्यांनी ओरडून झाला नसता.

त्या आठवड्यात चिन्मयीची सुई निम्म्यावर आली.

घरात रोज भांडण. विनतानं डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर गीतांजलीला वाट्टेल ते बोलून गेले. उपयोग शून्य. विनतानं मोबाईलवर परदेशातल्या कोंबड्या दाखवल्या. दक्षिण अमेरिकेत असल्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिकडे लोक वेगवेगळ्या जातींचा संकर करून निळी, हिरवी, शेवाळी अंडी हौसेनं काढतात, हे वाचून दाखवलं.

“मोबाईलवर काय, काहीही दाखवतात,” अंबरीश म्हणाला. “मी माल हातात घेऊन बघितला आहे.”

“दादा, तू फक्त रंग लावलाय का एवढंच बघितलं. त्यानं शुगर जाते का हे कुठं बघितलं?”

“तू काहून एवढी मागे लागून राहिली त्या बाबांच्या? तुझं नाक कापलं गेलं म्हणून न?”

 थोडंफार खरंच होतं ते. विनता जिना चढून वर गेली आणि दार आपटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर बाबांनी नवी योजना काढली. भक्तानं आपली साधी कोंबडी आश्रमात सोडायची. तिच्यावर ‘संस्कार’ व्हायचा. म्हणजे काय, तर ती बाबांच्या सिद्ध कोंबड्याबरोबर राहायची. त्या कोंबडीची स्वतःची अंडी काही निळी होत नसत. बाबा म्हणत, आई पापी, लेक शुद्ध. लेकी जरा मोठ्या झाल्या की भक्ताच्या घरी पाठवायच्या, तिथे त्या नीलफळ देणार. मात्र एक कडक नियम होता. नर पिल्लू आश्रमाचं. एकही कोंबडा बाहेर न्यायचा नाही, नाहीतर घराण्याला दोष.

लोकांना यात काही खटकलं नाही. विनताला खटकलं. मंत्र बाबांचा आहे, तर कोंबड्याची एवढी राखण कशाला?

वर्षभरानं मागणी वाढली आणि भानगड सुरू झाली. काही गौरी निळं देईनात. साधं फिकट बदामी अंडं देऊ लागल्या. बाबांकडे उत्तर तयार होतं: “घर में किसी ने शंका की है.” मग काय, घराघरात शंकेखोर शोधायची मोहीम सुरू झाली. शेजारच्या इंदिराकाकूंकडे चार गौरी, दोन निळ्या, दोन बदामी. काकूंनी सुनेला धारेवर धरलं. सून म्हणाली, मी शंका घेतली नाही. काकू म्हणाल्या, मग बदामी काहून? शेवटी ती सून लेकराला कडेवर घेऊन कटनीला माहेरी गेली. एका अंड्याच्या रंगावरून. पागनीसांकडे दोन गौरी आल्या, एक निळी, एक बदामी. इथे शंकेखोर शोधायची गरजच नव्हती, ती वरच्या मजल्यावर राहत होती.

“तुमच्यामुळे,” गीतांजली जिन्याखालून म्हणाली. “माझ्या पोरीच्या मुळावर उठलात तुम्ही.”

विनता ते शब्द ऐकत उभी राहिली, आणि मनात दुसरंच काही चालू झालं. चारांत दोन. दोनांत एक. गल्लीतल्या आणखी घरी विचारलं, तिथेही साधारण निम्म्या निळ्या, निम्म्या साध्या. निम्मे-निम्मे! जन्मभर फळ्यावर काढलेलं गणित कोंबड्यांच्या पायांनी तिच्या अंगणात आलं होतं. बाबांचे अस्सल कोंबडे पुरेनासे झाले, म्हणून बाबांनी त्या कोंबड्यांची मुलं कामाला लावली. अस्सल कोंबड्यात निळेपणाचा गुण दुहेरी, तेव्हा त्याच्या सगळ्या लेकी निळ्या. मुलात तो एकेरीच, आई साधी म्हणून. तेव्हा त्याच्या लेकी निम्म्याच निळ्या. यात कुणाची शंका नाही, कुणाची श्रद्धा नाही, सुनेचा दोष तर मुळीच नाही.

पण हे पटवायचं तर कोंबडा हवा. तो मिळाला गोहलपुरात. तिथे अंडारोलची गाडी लावणाऱ्या बंटीला आश्रमानं मादी म्हणून दिलेलं एक पिल्लू मोठेपणी आरवायला लागलं होतं. नियमानं परत करायला हवं होतं.

“मुर्गा वापस कौन देता है दीदी?” बंटी म्हणाला. “मैं तो इसे होली पे काटनेवाला था. आप ले जाओ.”

विनतानं गच्चीवर जाळी ठोकली. फिकट बदामी अंडी देणाऱ्या साध्या गावठी कोंबड्या आणल्या, त्यांत हा कोंबडा सोडला. एक कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली. खाली गौरी पाळल्याच होत्या, त्यामुळे घरात कोंबड्या नकोत असं म्हणायला कुणाला तोंड नव्हतं.

आता यातली वाईट गोष्ट ऐका. थाप मारायला एक क्षण पुरतो. पिल्लाची कोंबडी होऊन तिनं पहिलं अंडं घालायला सहा महिने लागतात. खरं बोलणाऱ्याला कोंबडीच्या चालीनं चालावं लागतं, आणि तोवर खोटं गावभर फिरून येतं.

चिन्मयी रोज वर यायची, दाणे टाकायची. वजन उतरलं होतं, सारखी तहान लागायची. चेहरा ओढलेला, पण जीभ तशीच तिखट.

“आत्या, यांच्यावर कोणता मंत्र म्हणतेस?”

“पाढे म्हणते.”

ती खळखळून हसली. मग गंभीर झाली. “खरं सांगू? मला पण वाटतं कधी कधी, की हे सगळं... पण आईकडे बघवत नाही न. ती किती आशा लावून बसली आहे.” मग हात पुढे करून म्हणाली, “चल, सौदा. तुझ्या कोंबडीनं मंत्राशिवाय निळं दिलं न, तर मी त्या दिवसापासून सुई पूर्ण घेईन. आईनं कितीही रडू दे. प्रॉमिस.”

“आणि तोवर?”

“तोवर निम्मी घेऊनच राहिली आहे न मी.”

विनतानं खाली जाऊन भावाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “बघच. माझ्या कोंबड्या निळं घालतील.” निम्म्याच घालतील, हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर वाद आणखी वाढेल असं तिला वाटलं असावं.

माघात एका सकाळी गच्चीवर कोंबडी ओरडली. पाच तरुण कोंबड्यांतल्या एकीनं पहिलं अंडं घातलं होतं. सगळे वर धावले. अंबरीश भिंग घेऊन, गीतांजली ओल्या हातांनी, चिन्मयी जिन्यात दम खात.

अंडं बदामी होतं.

 मग गीतांजलीनं हात जोडले, आश्रमाच्या दिशेनं.

“अरे थांबा,” विनता घाईघाईनं म्हणाली, “यातल्या निम्म्या बदामीच देणार. दुसऱ्या निम्म्या निळं देतील. हा कोंबडा अस्सल नाही, मिश्र आहे. मला माहीत होतं हे...”

आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच ऐकू आलं. तिचं शास्त्र बाबांच्या सबबीसारखं वाटत होतं. आधी मोठ्या गोष्टी करायच्या आणि फळ आलं नाही की कारण सांगायचं. अंबरीशनं भिंग खिशात ठेवलं.

“फेल,” तो म्हणाला.

चिन्मयीनं आत्याकडे बघितलं. रागानं नाही, कीव केल्यासारखं. “राहू दे आत्या,” एवढंच बोलून ती खाली गेली.

दोन दिवसांनी विनताला बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला चार-पाच दिवस सिहोऱ्याला जावं लागलं. ती परतली त्या दुपारी घरात उदबत्तीचा वास दाटला होता. चिन्मयी पलंगावर पडून मोठमोठे श्वास घेत होती, भाता चालल्यासारखे. सकाळपासून उलट्या. तोंडाला सडक्या फळाचा वास येत होता. सुई चार दिवसांपूर्वीच बंद केली होती, पूर्ण बंद. आश्रमात फोन लावला होता. बाबा म्हणाले, घाबरू नका, विष बाहेर पडत आहे.

“विष नाही, मूर्खांनो!” विनता किंचाळली. “इन्शुलिन नाही अंगात तिच्या! गाडी काढ दादा!”

गाडी काढली. दवाखान्यात सुया लावल्या, सलाइन लावलं, डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. दोन दिवस झुंज दिली पोरीनं. तिसऱ्या दिवशी सकाळी चिन्मयी गेली. एकविशीतली मुलगी, रोज मिळणाऱ्या औषधाच्या बाटल्या फ्रिजच्या दारात असताना.

त्याच आठवड्यात गच्चीवरच्या दुसऱ्या एका कोंबडीनं अंडं घातलं. निळं. विनतानं ते बघितलं आणि जाळीला टेकून तिथेच खाली बसली. कुणाला दाखवणार होती?

खाली बाबांचा निरोप आला होता. बेटी की आयु तो हमने बढ़ा दी थी, पर घर में शंका बैठी थी. अंबरीशनं तो निरोप ऐकला, आणि खरं मानला. तेरा दिवस सख्खा भाऊ बहिणीशी बोलला नाही. त्याच्या लेखी आपल्या पोरीला आपल्या बहिणीनं मारलं होतं. माणसाचं मूल घ्यायचं, आणि वर त्याची बहीणही तोडायची, एवढं या धंद्यात सहज जमतं.

चौदाव्या दिवशी दुपारी तो जिना चढून वर आला. हातात पोतं.

“या कोंबड्या घरात नकोत. नदीपार सोडून येतो.”

“घेऊन जा,” विनता म्हणाली. तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं.

त्यानं जाळी उघडली, गवतावर बसलेल्या कोंबडीला दोन्ही हातांनी उचललं. खाली अंडं होतं. आत्ताच घातलेलं, अजून ओलसर. निळं.

अंबरीश कोंबडी धरून तसाच उभा राहिला. मग ती खाली ठेवली, अंडं उचललं. ते गरम होतं.

“कोणी मंत्र म्हटला हिच्यावर?”

“कोणीच नाही.”

“आश्रमातून काही आणलं? पाणी, अंगारा, काही?”

“बंटीच्या गाडीवरून कोंबडा आणला दादा. तो होळीला कापणार होता.”

“म्हणजे कोंबड्यामुळे?”

“हो. तो ज्या जातीचा, तिच्या कोंबड्या निळं घालतात. आई-बापांपैकी एकाकडून तो गुण आला तरी लेक निळं घालते. टरफल तयार होत असतानाच निळा रंग त्यात मुरतो, म्हणून तुला आतून पण निळं दिसलं. बदामी रंग शेवटी वरून चढतो. निळ्यावर अगदी फिकट चढला तर निळंच दिसतं, जास्त चढला की हिरवं. गडद बदामी चढला की शेवाळी. आत सगळं सारखंच. पांढरं नि पिवळं. बंटीच्या गाडीवरचं अंडं नि हे अंडं, खाल्लं की एकच.”

“फक्त कोंबड्यामुळे?”

“हो दादा.”

तो पोत्यावरच बसला.  मग म्हणाला, “मी पास केलं होतं विनू. माझ्या हातानं पास केलं.” आणि पन्नाशी ओलांडलेला तो माणूस गच्चीत, भर उन्हात, हंबरडा फोडून रडला.

पुढच्या सोमवारी रांग लागली तेव्हा शेडच्या फाटकाशी दोन पिंजरे ठेवलेले होते. एकात गालांवर झुपके असलेला कोंबडा, दुसऱ्यात कोंबड्या. मागे अंबरीश आणि विनता. अंबरीश येईल त्याला निळं अंडं हातात देत होता.

“ये मेरी छत पे हुआ है. कोई मंत्र नहीं, कोई बाबा नहीं. इस मुर्गे की वजह से. इसीलिए वो मुर्गा बाहर नहीं जाने देते. मेरी बेटी मर गई, भैया. दवा मत छोड़ना.”

काही थांबले. काहींनी कानांवर हात ठेवले. एका बाईनं अंबरीशच्या अंगावर थुंकून ‘पापी’ म्हटलं, आणि तो उभाच राहिला. आतून बाबा आले, भरल्या गळ्यानं म्हणाले, “दुखी बाप है, क्षमा करो इसे.”

“क्षमा बाद में,” अंबरीश म्हणाला. “पहले एक मुर्गा दे दो महाराज. सबके सामने. सिर्फ़ एक. मंत्र मत देना, मुर्गा दे दो.”

बाबांचं हसू पहिल्यांदाच उतरलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, हां, दे दो ना. दुसराही म्हणाला. हा हट्ट वाढत गेला. बाबांनी पाठ फिरवली. तेव्हा मात्र पुष्कळांच्या डोक्यात उजेड पडला. कोंबडा द्यायची एवढी भीती का, हा प्रश्न शाळेत न गेलेल्यालाही कळणारा होता.

पोलिसांत तक्रार झाली. नीलबाबाचं नाव विनय निघालं. पूर्वी कुठल्याशा अंडी उबवणी केंद्राचा माल विकत फिरायचा, आणि हौशी कोंबडीवाल्यांकडून ती परदेशी जात त्यानं मिळवली होती. धाड पडली, फोटो निघाले, कोंबड्या जप्त झाल्या. विनयला जामीन मिळाला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणतात, आणि तिथे त्याच्याकडे पांढरी गाय आहे.

इंदिराकाकूंची सून अजून कटनीलाच आहे. काकूंना सगळं समजलं, पण सुनेला फोन करायचा म्हटलं की त्यांना कामं आठवतात.

आणि हे सगळं झाल्यावर, ऐका, चैत्रात एका सकाळी विनताच्या दारात एक बाई उभी राहिली. गोहलपुरची, अंगानं वाळलेली, सारखी खोकत होती. तोंडाला पदर.

“दीदी, सुना है आपके यहाँ बिना बाबा के नीलफल होता है. असली. एक दे दीजिए. मेरी टीबी ठीक हो जाएगी.”

विनतानं कपाळाला हात लावला. हसावं की रडावं तिला कळेना. “टीबीच्या गोळ्या? दवा चल रही है?”

“थी. सरकारी. दो महीने खाई, फिर छोड़ दी. जी मिचलाता है. आप फल दे दीजिए.”

विनता ओरडणार होती. इतक्यात जिन्यावरून पावलं वाजली. गीतांजली वर येत होती. पोरगी गेल्यापासून ती या मजल्यावर आली नव्हती, फारशी बोलतही नव्हती. तिनं खालून सगळं ऐकलं असावं. ती बाईसमोर येऊन उभी राहिली.

“गोळ्या कुठं आहेत?” आधी मराठीतच विचारलं, मग भानावर येऊन म्हणाली, “दवा कहाँ है?”

बाईनं पदराच्या गाठीतून दबलेलं पाकीट काढलं.

“मेरी बेटी की भी दवा थी,” गीतांजली म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “मैंने छुड़वाई. मैंने. वो जीना चाहती थी, मेरे लिए छोड़ी उसने. ये अंडा है. फल-वल कुछ नहीं. भूख लगी हो तो बनाकर देती हूँ, रोज़ देती हूँ. पर दवा नहीं छोड़ना. डॉक्टर के पास आज ही चलना है, मैं साथ चलती हूँ. जी मिचलाता है, तो उन्हीं को बताना.”

 गीतांजली विनताच्या स्वयंपाकघरात गेली, तवा ठेवला, जाळीतून आणलेलं निळं अंडं त्याच्या काठावर आपटून फोडलं. अंडं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा. टरफलाचा एक तुकडा तव्यात पडला, तो तिनं बोटानं काढला आणि मीठ टाकलं. पोळीबरोबर ते ताटलीत बाईसमोर ठेवलं आणि तिथेच, तिच्या समोर, जमिनीवर बसली.

“खा लो,” गीतांजली म्हणाली. “फिर निकलते हैं.”